पांढरी छपरं पुढे

हाउन्सलोच्या त्या घरात मी दीड वर्ष राहिले, पण घरमालक काकांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी त्यांची सतरावी भाडेकरू, म्हणून मी 'सतरा'. सतरा, कचऱ्याची बिन बाहेर काढलीस का. सतरा, तुझं पार्सल आलंय. माझ्या आधीचा सोळा म्हणे दिवे चालू ठेवून झोपायचा आणि चौदा फोनवर रडायची. पहिल्या आठवड्यात मला याचा भयंकर राग आला. नाशिकहून इतक्या लांब यायचं आणि कैद्यासारखा नंबर लावून घ्यायचा म्हणजे काय? पुढे कळलं की काकांच्या लेखी नंबर हा मान होता. त्यांच्या जगात नावं फक्त बँकेला आणि डॉक्टरला लागायची.

ते जग म्हणजे स्टॉक कार रेसिंग. टीव्हीवर दिसतात त्या चकचकीत गाड्या या नव्हेत. प्लंबर, गॅरेजवाले, शेतकरी आपापल्या शेडमध्ये या गाड्या जोडतात, पुढेमागे लोखंडी बंपर ठोकतात आणि रविवारी दुपारी एखाद्या गावाबाहेरच्या लहानशा गोल मातीच्या ट्रॅकवर घेऊन येतात. पुढची गाडी वाटेत आली तर बंपरने ढकलून बाजूला सारायची. ते नियमातच बसतं. असला आवाज आणि चिखल खायला थंडीत तासन् तास उभ्या राहणाऱ्या माणसांचं मला काही कळेना, पण काका चाळीसएक वर्षं उभे होते. गंमत म्हणजे स्वतःची गाडी ते मोटरवेवर डाव्या लेनमध्ये एखाद्या लॉरीच्या मागे धरायचे आणि मुक्कामापर्यंत तिथेच ठेवायचे.

या गाड्यांची छपरं रंगवलेली असतात आणि रंग ठरतो ड्रायव्हरच्या कामगिरीवर. नवखे आणि हळू ते पांढरे, त्यांच्यावर पिवळे, मग निळे, मग लाल, आणि जगज्जेत्याचं सोनेरी. शर्यत सुरू होताना मात्र सगळं उलटं. पांढरी छपरं सर्वांत पुढे, सोनेरी सर्वांत मागे. ज्याला येतं त्याने मागून वाट काढत यावं. काकांनी अख्खी माणूसजात याच रंगांत बसवली होती. डॉक्टरच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट लाल. कोपऱ्यावरचा दुकानदार निळा, पण घसरणीला लागलेला. मी अर्थातच पांढरी. बेसिंगस्टोकच्या ऑफिसात माझं प्रमोशन झालं तेव्हा मी विचारलं, आता तरी पिवळी का? तर म्हणाले, आधी भात करायला शीक.

घर विमानांच्या वाटेखाली होतं. दर दोन-तीन मिनिटांनी डोक्यावरून एक जायचं. तेव्हा काका वाक्याच्या मधेच थांबत, तर्जनी वर करत, आणि विमान गेलं की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे बोलत. फोनवरही तसंच. पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत राही, पण बोट खाली आल्याशिवाय शब्द नाही. याच विमानतळाच्या कार्गोत त्यांची सगळी नोकरी झाली होती.

काका बेने इस्राएल, म्हणजे घरात मराठी बोलणारे आपल्याकडचे ज्यू. मूळ अलिबागकडचे, वाढले भायखळ्याला. सगळी भावंडं इस्राएलला गेली, हे एकटे इकडे आले. का, ते कधी नीट सांगितलं नाही. लग्नही केलं नाही. शनिवारी, त्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, ते दिवा लावत नसत की गाडीला हात लावत नसत, त्यामुळे शनिवारच्या शर्यती बाद. फक्त रविवारच्या. फ्रिजमध्ये दुधाचा कप्पा वेगळा, मटणाचा वेगळा, आणि माझं चीज एकदा चुकीच्या कप्प्यात गेलं तेव्हा त्यांनी मला तोंडी नव्हे, लेखी ताकीद दिली.

लेखी म्हणजे खरोखरच लेखी. दर वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी शर्यतीचे नवे नियम जाहीर होतात, तसे काका घराचेही करत. स्वयंपाकघराच्या दारावर कागद लागायचा. यंदाचे बदल: शॉवर आठ मिनिटांऐवजी सात, कढीपत्त्याची कुंडी खिडकीत राहील, हरकती दोन आठवड्यांत लेखी द्याव्यात. घरात भाडेकरू मी एकटीच. मी शॉवरवर हरकत घेतली. त्यांनी ती वाचली, दोन दिवस विचार केला आणि फेटाळली.

मी आले त्याच वर्षी, सीझनच्या शेवटच्या रविवारी, ते मला ट्रॅकवर घेऊन गेले. दुसऱ्या वळणावर लोखंडी कठडा आहे, तिथे त्यांची जागा. आणि त्या जागेला लागून सहाशे सातची.

सहाशे सात हा एक उंच, वाकलेला इंग्रज म्हातारा. त्याच्या जाकिटाच्या पाठीवर हा नंबर शिवलेला होता. काकांच्या जाकिटावर चारशे बारा. हा चारशे बारा म्हणजे कुणी प्लंबर, जो बावीस वर्षं त्या नंबरची गाडी चालवून एकही शर्यत न जिंकता पांढऱ्या छपराचाच निवृत्त झाला. काकांचा हिरो तो. दोघं म्हातारे वीस वर्षं एकमेकांना नंबराने हाक मारत एकाच कठड्याला टेकून उभे होते. शर्यत चालू असताना कानांवर मोठाली कव्हरं, त्यामुळे बोलणं फक्त दोन शर्यतींच्या मधे. गाड्या जवळ आल्या की दोघंही चहाच्या कपावर तळहात धरत, माती पडू नये म्हणून, आणि गाड्या गेल्या की एकदमच उचलत. परत येताना मी विचारलं, काका, ते कुठे राहतात? त्यांना माहीत नव्हतं. नाव? तेही नव्हतं. फोन नंबर? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पगार विचारला.

"आम्ही तिथे भेटतो ना," ते म्हणाले. "मग बाकीचं कशाला?"

त्या हिवाळ्यात संयोजकांनी नव्या नियमाचा प्रस्ताव काढला. पांढरी छपरं यापुढे सर्वांत मागून सुटतील. कारण सुरक्षितता. पुढे असले की पहिल्याच वळणावर मागून येणारे दांडगे त्यांना भिंतीत घालतात. एक वर्ष करून बघू, लोकांनी मतं कळवावीत.

काकांची झोप उडाली. दिवाळीत मी चिवडा केला होता तो त्यांनी बशीत तसाच ठेवला. त्यांचं म्हणणं असं की, ही एकच गोष्ट या खेळात शहाणपणाची आहे आणि तीच काढायला निघालेत. पांढऱ्याला मागे टाकलं की त्याला पुढचं काही दिसणारच नाही, नुसता चिखल दिसेल. तो शिकणार काय? एकदा भांडी घासता घासता म्हणाले की, भायखळ्याला आम्ही मूठभर म्हणून मागे, भावंडं तिकडे गेली तर हिंदुस्थानी म्हणून मागे, आणि इथे मी कार्गोत लागलो तर ब्राउन म्हणून मागे. मग एका रविवारी कुणीतरी शर्यतीला नेलं आणि बघतो तर ज्याला काही येत नाही त्याला पहिल्या रांगेत उभं केलंय. एवढं बोलून विमान आलं, बोट वर गेलं, आणि विमान गेल्यावर मात्र ते पुढे बोलले नाहीत. मला वाटतं तेवढं एकदाच.

चाहत्यांच्या वेबसाइटवर वाद पेटला होता. काका दर हिवाळ्यात तिथे चारशे बारा या नावाने आपलं मत पाठवत. ते जुन्या कार्गो लेबलांच्या पाठीवर पेन्सिलीने मराठीत मुद्दे काढायचे आणि त्या वेळचा भाडेकरू ते इंग्रजीत टाइप करायचा. आता ते काम माझ्याकडे आलं.

इथे मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. ऑफिसात माझं काम सॉफ्टवेअरची माहितीपत्रकं लिहिण्याचं. इंग्रजांचं इंग्रजी मी दुरुस्त करते याचा मला त्या काळात चांगलाच माज होता. काकांनी सहा लेबलं मजकूर दिला. त्यात चारशे बाराची कहाणी होती, जुन्या नियमांचे दाखले होते, आणि मधेच एक वाक्य होतं: ज्यांच्या मुलांनी मागून मार खाल्लाय त्यांनी हा नियम मागितला तर मी त्यांना दोष देणार नाही, त्यांच्या जागी मी असतो तर मीही मागितला असता. मला ते वाक्य लंगडं वाटलं. आपल्याच बाजूच्या पायावर धोंडा कशाला, म्हणून मी ते काढून टाकलं. त्या जागी माझ्या मनाचं एक घातलं, की ज्यांना मागून धक्का बसायची भीती वाटते त्यांनी रविवारी घरी बसून स्वेटर विणावेत. मला स्वतःलाच ते इतकं आवडलं की टाइप करताना मी हसले.

लोकांनाही आवडलं. काकांच्या एकाही मताला कधी मिळाली नव्हती एवढी दाद मिळाली. मी त्यांना ती वाचून दाखवली, त्या वाक्याचा उल्लेख वगळून. काका लाजले. चौथ्या दिवशी खाली एक ओळ आली. लिहिणाऱ्याचं नाव, सहाशे सात. ओळ एवढीच, की हे तू लिहिशील असं वाटलं नव्हतं.

मी लॅपटॉप मिटला. म्हातारा माणूस आहे, फुगला असेल, सीझन सुरू झाला की दोघं चहा पितील आणि विसरतील, असं मी मनाशी म्हटलं. काकांना ती ओळ वाचून दाखवली नाही. आठवड्याभरात नियम मंजूर झाला, वाद संपला म्हणून वेबसाइटवाल्यांनी ती चर्चा बंद केली, आणि सहाशे सातचं खातंही तिथून नाहीसं झालं.

मार्चच्या पहिल्या रविवारी काका पहाटे उठून मलिदा करत होते. त्यांच्यात नव्या कामाच्या आधी किंवा नवस फेडायला एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वेलची, वर फळांचे तुकडे. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर हन्नबीच्या रथाची चाकं उमटली आहेत अशी त्यांची श्रद्धा. रथच तो, तेव्हा सीझनची सुरुवात दुसऱ्या कुणाच्या नावाने करायची, असं काका म्हणत. प्रार्थनेला खरं तर दहा माणसं हवीत. त्यांनी ती सिंककडे तोंड करून एकट्यानेच म्हटली आणि दोन डबे भरले. दुसरा डबा सहाशे सातचा. फार गोड आहे अशी तक्रार करत दर वर्षी तो पूर्ण संपवतो, असं मला गाडीत सांगितलं.

तो आला नाही. पहिली शर्यत झाली, दुसरी झाली. पांढरी छपरं मागे उभी राहिली, पण काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते फाटकाकडे बघत होते. डबा त्यांनी कठड्यावर, शेजारच्या जागेपुढे ठेवला होता, आणि त्यावर माती बसत होती. परत येताना म्हणाले, ट्रेन चुकली असेल. पुढच्या वेळी म्हणाले, बँक हॉलिडेच्या सुट्टीला नातेवाईक येतात लोकांकडे. मे महिन्यात त्यांनी चिप्सच्या गाडीवर विचारलं, फाटकावर विचारलं. सहाशे सात कोण, हे कुणाला सांगता येईना. उंच, वाकलेला, चहात साखर नाही, याच्यापुढे काकाही काही सांगेनात.

रोज दोन गाड्या बदलून ऑफिसला जाताना आज काकांना ती ओळ सांगू असं ठरवायचे आणि घरी येऊन डाळीला फोडणी द्यायचे. माझ्याइतकी भित्री बाई त्या वर्षी हाउन्सलोत दुसरी नसेल.

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी काका माझ्या दाराशी आले. ते कधी वरच्या मजल्यावर येत नसत. हातात चष्मा होता.

"सतरा, पेपरात मेलेल्या माणसांची नावं येतात ना, ती नंबरावरून शोधता येतात का गं?"

मग मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. कापलेलं वाक्य, घातलेलं वाक्य, खाली आलेली ओळ. ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून ऐकत होते. मधे विमान गेलं, पण बोट वर झालं नाही. मला वाटलं ओरडतील, नोटीस देतील. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा सांगायला लावली आणि कधी आली ते विचारलं. फेब्रुवारीत, म्हणाले मी.

"म्हणजे सहा महिने तो माझ्या उत्तराची वाट बघतोय."

एवढंच. मग हळूहळू कळलं. सहाशे सात हा त्याच्या मुलाचा नंबर. मुलगा पांढऱ्या छपराचा, चौथीच शर्यत, पहिल्या वळणावर मागून दोघांनी भिंतीत घातला. आता काठी घेऊन चालतो, मणक्याचं काही. काका तेव्हा कठड्याला बापाच्या शेजारी उभे होते. त्यांनीच म्हाताऱ्याचा दंड धरून ठेवला होता, ट्रॅकवर धावू नये म्हणून. त्यानंतर त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. ते एक वाक्य लिहायला काकांनी तीन दिवस घेतले होते, आणि मी ते एका बोटाने पुसलं होतं.

उत्तर पाठवायला जागाच उरली नव्हती. मुलाच्या अपघातावरून शोध घेऊ म्हटलं, तर काका नको म्हणाले. वेबसाइटवाल्यांना लिहिलं, त्यांनी माहिती देता येत नाही म्हणून कळवलं. काका मला कधी टाकून बोलले नाहीत. दारावरचा कागदही तसाच राहिला. पुढच्या हिवाळ्यात नियम पुन्हा चर्चेला आला तेव्हा मी विचारलं, लिहू का काही? ते म्हणाले, माझं म्हणून झालंय. फेब्रुवारीत मी बेसिंगस्टोकला फ्लॅट घेतला आणि निघाले. पळालेच म्हणा.

मार्चच्या पहिल्या रविवारी मात्र मी ट्रॅकवर गेले. काकांना न सांगता. त्यांच्यासमोर उभं राहायचा धीर नव्हता म्हणून पलीकडच्या छप्पर असलेल्या स्टँडमध्ये तिकीट काढलं. तिथून दुसरं वळण समोरच दिसतं. कठड्याला खचाखच माणसं होती आणि त्यांत काका, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून. एक बाई तिथे येऊन उभी राहिली, काका काही बोलले, ती सरकली. मी नजर फिरवली तर माझ्यापुढे तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आडोशाला, सहाशे सात.

मी उतरून त्याच्याजवळ गेले. मी कोण ते सांगितलं. स्वेटरचं वाक्य माझं, काकांचं नव्हे, असंही सांगितलं. तो म्हणाला, ते मागाहून माझ्या लक्षात आलं, त्याचं इंग्रजी मी वीस वर्षं ऐकलंय. गेला अख्खा सीझन तो इथेच बसत होता. मग का नाही गेलात खाली, मी विचारलं.

माझ्या मुलाबद्दल आम्ही कधी बोललो नाही, तो म्हणाला. या नियमाचं निघालं तेव्हा मला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. एक वाक्य तरी.

मी म्हटलं, त्याने लिहिलं होतं. मी कापलं. आणि ते वाक्य मला पाठ होतं, कारण तेव्हापासून दुसरं काही पाठ केलेलंच नव्हतं. मी ते इंग्रजीत सांगितलं, जमेल तितकं साधं. त्याने पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. त्याने मान हलवली आणि गुडघ्यांवर हात ठेवले.

"त्याला सांग, ऐकलं मी," तो म्हणाला. उठला मात्र नाही. मी वाट पाहिली. इथून आता बरं दिसतं, असं म्हणून त्याने कानांवर कव्हरं चढवली.

मी ट्रॅकला वळसा घालून कठड्याशी गेले. काकांना मी आल्याचं आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. मी जे झालं ते सगळं सांगितलं आणि स्टँडकडे बोट दाखवलं, त्या खांबाच्या मागे, चला, मी नेते. त्यांनी तिकडे पाहिलं. त्या अंतरावरून त्यांना काही दिसणं शक्य नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं.

"बसू दे त्याला," ते म्हणाले. "तिथे माती येत नाही. हिवाळ्यात त्याची छाती भरते."

गाड्या रांगेत लागत होत्या. मी त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत उभी राहायला गेले, तर काकांनी माझा दंड हलकेच धरला आणि मला आपल्या दुसऱ्या बाजूला उभं केलं.